कहूच्या झाडाला न्योता

चैतरामच्या तेरवीच्या पंगतीत लोक त्याचं जेवढं कौतुक करत होते, तेवढं तो जिवंत असताना कुणी केलं नव्हतं.

"काय मरण आलं गा चैतरामले! बांधावर उभा होता, छातीवर हात ठेवला आन् खाली. ना खाट धरली, ना कोनाले पानी मागतलं."

"लंज्यांच्या घरचं मरणच तसं. सोन्याचं. पुन्याई लागते त्याले."

धुरपताबाई सैपाकघराच्या दारात उभी राहून वाढपावर नजर ठेवत होती. तिनं हातातला वरणाचा डवला परातीत आपटला.

"मेला त्याले सोनं," ती म्हणाली, "आन् त्याच्या बायकोच्या, नंदाच्या वाट्याले काय? पितळ? तीन मडी गेली या घरातून. माझा सासरा, माझा मालक, आता हा दीर. एकानंबी साठी पाहिली नाई. याले पुन्याई म्हनतात काय गा? तसं असंल त तुमच्या घरी घेऊन जा थोडी. आमच्यापाशी लय उरली हाय."

धुरपताबाईला उत्तर देण्याची त्या गावात पद्धत नव्हती. लोकांनी माना खाली घातल्या आणि भात कालवला.

पण ती बघत होती ते लोकांकडे नव्हे. ती बघत होती शालीकरामकडे. तिचा एकुलता एक पोरगा, चाळिशी ओलांडलेला, पंगतीच्या टोकाला बसला होता. भाताचा ढीग केला, मधे खड्डा केला, त्यात तुपाची धार सोडायला लावली आणि खड्डा भरेपर्यंत हात आडवा केला नाही. त्याचा बाप तसाच जेवायचा. कानावर विडी खोचलेली. तीही बापासारखीच, उजव्या कानावर.

याचीसुद्धा तिला एवढी भीती वाटली नसती. माणसं तूप खातात, विड्या ओढतात. पण सकाळी चैतरामच्या नावाचं पाणी सोडून तलावावरून येताना शालीकराम पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, चढावर मधेच थांबला होता. कमरेवर हात ठेवून तलावाकडे बघत राहिला. "यंदा पानी बरं हाय," असं म्हणाला. पाणी काही बरं नव्हतं, नेहमीसारखंच होतं. धुरपताबाईचा नवरा टिकाराम मेला त्या वर्षी तोही त्याच जागी असाच थांबून तलाव बघायचा. तलावात बघण्यासारखं काही नसतं. छातीत श्वास पुरत नसला, की माणूस तलाव बघतो.

तेरवीचा मांडव उतरला आणि ती छोट्या लाईनच्या गाडीत बसून गोंदियाला गेली. घरात सांगितलं, नातेवाइकाकडे जाते. गेली डॉक्टरकडे. रांगेत बसली, तिची पाळी आली, तशी खुर्चीत ऐसपैस बसून पदर सारखा केला.

"माताजी, पेशंट कहाँ है?" डॉक्टर म्हणाला.

"मेला."

डॉक्टरनं लिहिता हात थांबवला. "तो फिर?"

"जो मेला नाई, त्याच्यासाठी आली."

मग तिनं तिघांचं मरण सांगितलं, एकेकाचं. डॉक्टर माणूस बरा होता, ऐकून घेतलं. म्हणाला, शरीरात रक्ताच्या नळ्या असतात. काही लोकांच्या त्या आतून जाड होत जातात, कडक होतात. कितीतरी वर्षं चालतं ते काम. दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस रक्ताला वाटच राहत नाही.

धुरपताबाईला हे लगेच कळलं. लंज्यांच्या आज्यापणज्यांनी गावचा तलाव बांधला होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, तरी पाळीखालचं तुडुम साफ करायचं म्हटलं की गाव अजून लंज्यांच्याच दारात येई. तुडुम म्हणजे तलावातून शेताकडे पाणी सोडायची मोरी. तिच्यात गाळ बसतो. दरसाल थोडा थोडा. वरून तलाव भरलेला दिसतो, माणूस खुशीत असतो, आणि ऐन गरजेला धान वाळतं.

"तुडुमातला गाळ उन्हाळ्यात काहाडावा लागते," ती म्हणाली. "धान जळाले लागल्यावर कोन उतरते मोरीत?"

"बस, वही बात है," डॉक्टर म्हणाला. "लड़के की बीड़ी छुड़ाओ. घी कम करो. पेट कम करो, रोज़ चलाओ."

"आन् कहूची साल?"

तिच्या माहेरी, नवेगावच्या अंगाला, पुरुषाची चाळिशी आली की हिवाळाभर त्याला कहूच्या सालीचं दूध पाजत. कहू म्हणजे अर्जुनाचं झाड. तिचा आजा ते पीत होता, बाप पीत होता. बाप म्हातारा होऊन, दात पडून, सुनांना शिव्या देत देत मेला. धुरपताबाईला ते मरण फार आवडलं होतं.

डॉक्टरनं चष्मा काढला. "छाल की मैं कसम नहीं खाऊँगा, माताजी. मैंने देखा नहीं. पिलाना है तो पिलाओ. बीड़ी की कसम खाता हूँ. बीड़ी के साथ छाल पिलाओगी तो दूध फुकट जाएगा."

हे तिला पटलं. ज्याला जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणणारा पुरुष तिला आयुष्यात फार भेटला नव्हता.

परतल्यावर ती जंगलालगतच्या टोलीवर, म्हणजे वाडीवर, सुकरामकडे गेली. गावाचं औषधपाणी तोच करायचा. अंगणात बसून नांगराचा रुमणा तासत होता. तिला बघून त्यानं बाजेवरची मोहफुलं सरकवली आणि जागा केली.

"कहूची साल पायजे," ती म्हणाली.

"नाव सांग."

"कोनाचं?"

"आजाऱ्याचं. सांजच्याला झाडापाशी तांदूळ-सुपारी ठेवून न्योता देतो आमी. सांगतो, अमक्याले अमकं झालं, उद्या पहाटे येतो, चाल आमच्या संगं. नाव घेतल्याबिगर काहाडली त थे लाकूड होते, बाई. औषध नाई."

"शालीकराम."

"काय झालं त्याले?"

"काई नाई झालं."

सुकरामनं वाकस खाली ठेवला. "मंग?"

"होऊ नये म्हनून."

तो हसला. मग ती हसत नाही असं बघून थांबला. "चांगल्या मानसाचं नाव आजारी म्हनून झाडाले सांगू? झाड आयकते, बाई. उद्या खरंच पडला त तूच माझ्या दारात येऊन शिव्या देशील."

"पडल्यावर सारेच येतात. डॉक्टर येते, तू येतेस, खांदा देनारे येतात. पडाच्या आधी कोनी येते काय गा?"

"मी खोटं नाव घेत नाई. माझ्या बापानं घेतलं नाई. तुले रागवाचं असंल त रागव."

"रागावलीच हावो."

"बरं," सुकराम म्हणाला आणि पुन्हा रुमणा हातात घेतला. ती फाटकापर्यंत गेली तेव्हा त्यानं मागून हाक दिली. त्याचं मन दगडाचं नव्हतं, फक्त वाकत नव्हतं. "काहाडशीलच तू, मले मालूम हाय. उगवतीच्या अंगानं काहाड. तळहाताएवढी. झाडाभोवती पट्टा ओढू नको, झाड मरते. आन् न्योता देऊन आनलेली साल त्याच दिवशी चुलीवर चढली पायजे. पाव्हन्याले बोलावून दारात उभा ठेवत नाईत."

घरी शालीकरामला तिनं सरळ सांगितलं. लपवून दुधात घालून पाजणं तिला जमलं असतं, पण ते तिला हलकं वाटलं. सुना तसं करतात, सासूनं करू नये.

"मी बैलाएवढा हावो, माय," तो म्हणाला. "औषध आजाऱ्याले देतात."

"तुझा बाबूबी बैलाएवढाच होता. खळ्यात आडवा झाला, त चौघांले उचलला नाई."

"बाबूसारखं आलं त काय वाईट हाय? चारचौघांत नाव निघते."

धुरपताबाईच्या तोंडाशी पुष्कळ आलं. ते तिनं गिळलं, कारण खाली रुख्मा बसली होती, तिची सून, तांदूळ निवडत. रुख्माचे हात सुपातच थांबले होते.

"आन् हे बघ," शालीकराम आवाज खाली करून म्हणाला, "तीन दिवसानं सडक अर्जुनीचे पाव्हने येऊन राहिले आपल्या शामकलाले पाहाले. घरात काढा शिजतो म्हनून बोभाटा झाला, त कोन देईल पोरगा? म्हनतील, बाप आजारी हाय. चैतरामकाका आताच गेला. लगन होऊ दे. मंग पाज काय पाजाचं थे."

"लगनाच्या मंग बारसं येईल. बारशाच्या मंग दुसरं लगन. तुडुम साफ कराले मुहूर्त निघतच नसते, शालीक."

"माय, मी पेत नाई. बस."

तो बाहेर गेला. कानावरची विडी काढून दारातच पेटवली.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना धुरपताबाई पदराच्या गाठीला तांदूळ आणि सुपारी बांधून पाळीवर गेली. कहूची झाडं तिथं रांगेनं उभी होती, पांढुरकी, गुळगुळीत, तलावाकडे कललेली. सगळ्यात मोठ्या झाडापाशी ती थांबली. गुरं परतत होती. धूळ खाली बसेपर्यंत ती उभी राहिली, मग तांदूळ ठेवले.

"आयक," ती झाडाला म्हणाली. झाडाशीही ती सुनेशी बोलावं तसंच बोलली. "सुकराम म्हनते खोटं नाव घेऊ नको. नाई घेत. माझा पोरगा आजारी नाई. पन माझं घर आजारी हाय. सासऱ्यापासून आजारी हाय. तिघं त्याच रोगानं गेले आन् आमी येड्यावानी म्हनत राहिलो, काय सुंदर मरण! म्हून मी घराचं नाव सांगतो. लंज्यांचं घर. यात खोटं काई असंल त उद्या साल सुटू देऊ नको. खरं असंल त पहाटे तयार राय. मी येतो."

पहाटे गेली. पूर्वेच्या अंगानं तळहाताएवढा तुकडा आखला आणि विळ्याच्या टोकानं उचलला. साल सुटली. आतून ओल्या मातीसारखी लाल निघाली. धुरपताबाईनं झाडाला हात लावला, "बरं झालं" म्हणाली आणि निघाली.

ती आंघोळ करून, साल कुटून, दूध-पाण्यात टाकून चुलीवर ठेवते न ठेवते, तोच बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. सडक अर्जुनीचे पाहुणे. उद्या येणारे आजच आले. पोराचा बाप खुशालजी दारापुढच्या कायमच्या मांडवातून ओरडतच आत आला, "बाजाराले आलो होतो, म्हटलं एवढं जवळ आलो त आजच पाहून घ्यावं! तुमाले तरास त नाई ना?" त्याच्यामागे त्याचा भाऊ, नाकात तपकीर ओढत.

शालीकराम धावत सैपाकघरात आला. "माय, थे भगोनं उतरव."

"नाई उतरत."

"वास येऊन राहिला बाहेर!"

"न्योता देऊन आनली हाय. आज नाई शिजली त पाव्हन्याचा अपमान होते."

"बाहेर पाव्हने बसले हायेत, माय!"

"थेबी पाव्हने, हेबी पाव्हने. हे आधी आले."

शालीकरामनं तोंडावर हात फिरवला आणि बाहेर जाऊन हसरा चेहरा करून बसला. रुख्मानं शामकलाला नऊवारी नेसवून पाणी घेऊन पाठवलं. मागून सुपारीचं तबक; पाहुण्यानं सुपारी उचलली की बोलणं पक्कं. पोरगी खाली मान घालून उभी राहिली, नाव सांगितलं, चौथीपर्यंत शिकली ते सांगितलं. खुशालजी खूश होता. सुपारीकडे हात गेलाच होता. एवढ्यात तपकीरवाल्या भावानं नाक वर केलं. तपकिरीनं मेलेलं नाक, पण नको तिथं जागं झालं.

"काढ्याचा वास येऊन राहिला. घरात कोनी आजारी हाय काय?"

"नाई नाई," शालीकराम घाईनं म्हणाला. "मायचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी."

धुरपताबाई सैपाकघरात वाकून भगोन्याखालची आच ओढत होती. शालीकरामचं बोलणं तिनं ऐकलं. वाट सोपी होती. आत बसून कण्हली असती, तरी भागलं असतं. लगन जमलं असतं. मग शालीकराम म्हणाला असता, लगन झालं, आता दिवाळी. तिनं हात पदराला पुसले आणि बाहेर मांडवात आली. चालत आली ती तरण्या बाईसारखी.

"माझे गुडघे या घरातल्या सगळ्या गड्यांपेक्षा बरे हायेत," ती म्हणाली. "काढा याच्यासाठी हाय."

शालीकरामचा चेहरा उतरला.

"याले काय झालं?" खुशालजीनं विचारलं.

"काई नाई. होऊ नये म्हनून. या घरातले गडी म्हातारे होत नाईत, खुशालजी. तुमाले मालूमच असंल, चारचौघांत नाव हाय आमचं. छातीवर हात ठेवतात आन् पडतात. रक्ताच्या नळ्या आतून कडक होतात म्हने, गाळ बसते. म्हनून माझा पोरगा पडाच्या आधी मी गाळ काहाडून राहिली. सालीचं दूध, तूप बंद, विडी बंद, रोज पाळीवरून चालनं. यात लपवाजोगं मले काई दिसत नाई."

खुशालजीनं तबकाकडे बघितलं. सुपारी तशीच होती. तो आणि त्याचा भाऊ एकमेकांकडे बघून एकाच वेळी खाकरले.

"नाई, तसं काई नाई," खुशालजी म्हणाला. "पन मानसाची जात हाय, बाई. घरात चैतरामचं सुतक आताच फिटलं. बाप औषधाले लागला. आमी जरा इचार करतो."

"करा. बसून करा. भात होऊन राहिला."

"नाई, बाजार हाय. उशीर होते."

गाडी गेली. तबकातल्या सुपारीला कुणी हात लावला नाही. शामकला सरळ कोठीत गेली आणि रडू लागली. धुरपताबाई दाराशी जाऊन म्हणाली, "रड. बाप समोर असताना रड. त्याच्या मागं रडाची येळ आली त माझ्यापाशी येऊ नको." पोरगी अजूनच मोठ्यानं रडू लागली. आठवडाभर आजीशी बोलली नाही. धुरपताबाईनं ते मनावर घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

शालीकराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. राग आला की तो ओरडायचा नाही, लाल व्हायचा.

"केलंस ना, माय? पोरीच्या आयुष्याचं मातेरं केलंस."

"केलं. पोरगे अजून मिळतील. मले तसाबी तपकीरवाला इवाई नकोच होता."

"मी पेनार नाई. मरीन, पन पेनार नाई. आता त बिलकुलच नाई."

धुरपताबाईनं तोंड उघडलं. पण बोलणं तिच्या आधी दुसऱ्याच बाईनं सुरू केलं. रुख्मा सैपाकघरातून आली. ती सासूसमोर नवऱ्याशी कधी बोलली नव्हती. लगन होऊन अठरा-वीस वर्षं झाली असतील, कधीच नाही. हातात पितळी गिलास होता, त्यात विटकरी रंगाचं दूध, वर वाफ.

"नंदाकाकीच्या बांगड्या म्या फोडल्या," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "त्या दिवशी दुसरं कोनी पुढं झालं नाई, म्या फोडल्या. तिचा हात धरून. माझ्या कोन फोडनार, थे आताच सांगून ठेवा. शामकलाले सांगू काय?"

कोठीतलं रडणं थांबलं.

शालीकरामनं बायकोकडे बघितलं. जणू ती या घरात कधी आली, तेच त्याला आठवत नव्हतं. मग त्यानं गिलास घेतला. एका दमात प्यायला. तोंड वाकडं केलं.

"तुरट हाय," तो म्हणाला.

"मंग काय गुळाचा पाक पायजे होता?" धुरपताबाई म्हणाली. मग ती लगेच रुख्मावर उलटली, "आन् तू काय उभी हायेस? दूध ओतू गेलं असंल चुलीवर. जा."

गावात अर्थात बोभाटा झालाच. सडकेवरच्या धाब्यावरच्या ट्रकवाल्यांपर्यंत गेला असेल. विहिरीवर बायका कुजबुजल्या, की लंज्यांची म्हातारी पोराला जिवंतपणीच आजारी पाडून राहिली. धुरपताबाईनं घागर भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमच्या घरचे गडी कसे मरतात, थे मी कधी इचारलं नाई. माझ्या घरचा कसा जगते, थे तुमी इचारू नका."

काही दिवसांनी ती आणि शालीकराम पहाटे पाळीवरून चालत होते. ती पुढे, तो मागे, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. पाळीच्या चढावर तो थांबला. तलावाकडे बघितलं नाही. सरळ आईकडे बघून म्हणाला, "धाप लागते इथं. थांब थोडी." तीही थांबली.

समोरून गुराखी इतवारी आपली गुरं घेऊन येत होता. "काय गा शालीक, रोज पाळीवर? आजारी हायेस म्हनतात तू?"

धुरपताबाईनं उत्तरासाठी श्वास घेतला. पण शालीकरामच बोलला.

"आजारी नाई. म्हनून त पेऊन राहिलो ना. आजारी पडल्यावर पेऊन काय फायदा?"

इतवारीनं डोकं खाजवलं. "हे बरं हाय तुमचं," म्हणाला आणि गुरांमागे गेला.

धुरपताबाई चार पावलं पुढे गेली, मग मागे वळून तिनं पोराच्या उजव्या कानाकडे हात नेला. तिथं विडी होतीच, अर्धी ओढलेली. तिनं ती काढून चुरगाळली आणि पाळीखाली फेकली.

"एवढीच उरली होती, माय."

"माय लय मूर्ख दिसते काय तुले?" ती म्हणाली. "चाल."